बर्फावर गाडी कशी थांबते, हेही सांगा

सन्माननीय मोटारगाडी उत्पादक, टायर उत्पादक आणि त्यांचे अधिकृत विक्रेते यांस,



बर्फाच्या रस्त्यावर साधी प्रवासी गाडी चढते का, वळते का आणि मुख्य म्हणजे थांबते का, हे टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर ठरते. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.८ असतो. वाहनांच्या चाकांखाली दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि वितळून पुन्हा गोठलेल्या गुळगुळीत थरावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. पुढचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या सपाट रस्त्यावर ८ मीटरमध्ये उभी राहते. दाबलेल्या बर्फावर तिला ३१ मीटर लागतात, गोठलेल्या थरावर ६३. समोरचा अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, ती वेगळीच. वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर चौथ्या हिश्श्यावर येते. ताशी २० किलोमीटरला तीच गाडी दाबलेल्या बर्फावर ८ मीटरमध्ये थांबते. बर्फातल्या सगळ्या शहाणपणाचा पाया हा एवढाच आहे आणि तो गाडीच्या किमतीने, इंजिनाच्या ताकदीने किंवा टॉप मॉडेलने बदलत नाही.

हा विषय आता फक्त डोंगरात राहणाऱ्यांचा उरलेला नाही. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे. पूर्वी ती हिवाळ्यात बंद झाली की लाहौलचा रस्ताच बंद व्हायचा आणि मैदानातली गाडी तिथवर पोचण्याचा प्रश्न येत नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि भर डिसेंबरात ३,००० मीटरच्या वर जाणे कोणत्याही हॅचबॅकला शक्य झाले. काश्मीरमध्ये १३ जानेवारी २०२५ रोजी सोनमर्गच्या बोगद्याचे उद्घाटन झाल्यावर सोनमर्गचा रस्ताही हिवाळ्यात खुला राहू लागला. नाताळच्या सुट्टीत मनालीच्या पुढे एमएच पाटीच्या गाड्या सर्रास दिसतात. पुण्याहून सुमारे २,००० किलोमीटर आलेली ही गाडी निघताना जशी असते तशीच, त्याच टायरवर, त्याच पाण्यावर, त्याच डिझेलवर बर्फात शिरते. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान शेकडो गाड्या बर्फात अडकल्या आणि पोलिसांनी रात्री उभे राहून त्या एकेक करून उतरवल्या. अशा वेळी दोष नेहमी पर्यटकाच्या माथी मारला जातो. तो काही अंशी खराही आहे. पण ज्यांनी ही गाडी बनवली आणि विकली, त्यांच्याकडून या पर्यटकाला काय सांगितले गेले होते, हे कोणी विचारत नाही. ते विचारण्यासाठी हे पत्र आहे.

पहिली तक्रार जाहिरातींविषयी. उंच गाडी बर्फ उडवत वळण घेते, चारही चाके फिरतात, पार्श्वभूमीला पांढरे डोंगर. पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ते असे, की चारही चाकांना ताकद मिळाली म्हणजे बर्फाची काळजी मिटली. वस्तुस्थिती अशी आहे की चार चाकांची ताकद गाडी हलवायला आणि चढवायला मदत करते. थांबवण्यात तिचा काही वाटा नसतो, कारण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच.

याचा परिणाम घाटात उलटा होतो. बर्फाची पकड ०.२ धरली आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीचे ६० टक्के वजन पुढे धरले, तर ती गाडी १०० मीटरला १२ मीटरपर्यंतचा चढ जेमतेम चढते. प्रत्यक्षात चढावर वजन मागे सरकते, त्यामुळे मर्यादा आणखी खाली येते. चारही चाकांवर चालणारी गाडी त्याच बर्फावर १०० मीटरला १५ मीटरचा चढ आरामात चढून जाते. आता दोघी परत निघाल्या असे समजू. साधी गाडी खालीच अडकली होती, ती तिथूनच वळते. वर गेलेल्या गाडीला मात्र त्याच १५ मीटरच्या उतारावरून खाली यायचे आहे. पकडीतला बहुतेक भाग उतारच खाऊन टाकतो, ब्रेकसाठी उरतो ०.०५. ताशी ४० किलोमीटरवरून थांबायला तिला सव्वाशे मीटर लागतात. त्यातच सावलीतला गोठलेला पट्टा आला आणि पकड ०.१ वर घसरली, तर ती थांबतच नाही, उलट वेग धरते. चढताना मिळालेला आत्मविश्वास उतरताना असा अंगावर येतो. जाहिरातीत चढणारी गाडी दाखवायची असेल तर खुशाल दाखवावी. विनंती एवढीच, की तिच्याखाली स्पष्ट अक्षरांत एक ओळ असावी : चारही चाकांची ताकद थांबण्याचे अंतर कमी करत नाही.

दुसरी तक्रार टायरची, आणि ती सर्वांत मोठी आहे.

आपल्याकडच्या गाड्यांना येणारे टायर उष्ण रस्त्यांसाठी बनवलेले असतात. त्यांचे रबर ४५ अंशांच्या उन्हात टिकावे लागते, म्हणून ते टणक असते. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेले की हे रबर कडक होऊ लागते आणि शून्याखाली गुळगुळीत फरशीवरच्या प्लॅस्टिकच्या चपलेसारखे वागते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिकाचे प्रमाण अधिक असते आणि ते थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा असतात. चाक दाबले गेले की त्या उघडतात, त्यांच्या असंख्य कडा बर्फाला धरतात आणि बर्फावरचे पातळ पाणी त्यांत शोषले जाते. हे पाणीच खरे घातक असते. त्यामुळेच उणे २० अंशांच्या कोरड्या बर्फापेक्षा शून्य अंशाच्या आसपासचा ओलसर बर्फ अधिक निसरडा असतो. मनाली, शिमला किंवा गुलमर्गच्या पर्यटकाला बहुतेक वेळा भेटतो तो हाच.

ही काही नवी विद्या नाही. फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर बनला आणि १९३६ साली तो मोटारगाड्यांसाठी आला. त्या देशात १९७८ पासून हिवाळी टायर बंधनकारक आहेत. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्ता हिवाळी अवस्थेत असेल तर ते लावावेच लागतात आणि त्यांच्या नक्षीची खोली किमान ३ मिलिमीटर असावी लागते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ही सक्ती असते. जर्मनीत ठरावीक तारखा नाहीत, पण रस्त्यावर बर्फ असताना उन्हाळी टायरवर गाडी आणली तर किमान ६० युरो दंड होतो आणि वाहतूक अडवली तर ८०. तिथल्या मराठी कुटुंबांनाही ऑक्टोबर आला की गॅरेजची वेळ घेऊन चाके बदलून आणणे आणि उन्हाळी चाके तिथेच जपून ठेवायला देणे हे नित्याचे काम झाले आहे.

भारतीय कंपन्यांना हे सगळे ठाऊक आहे. अपोलो टायर्सने २००९ मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन कंपनी घेतली आणि तिचे हिवाळी टायर युरोपात वर्षानुवर्षे विकले जातात. म्हणजे ज्ञान आहे, कारखाने आहेत. तरी महाराष्ट्रातल्या टायरच्या दुकानात हिवाळी टायर मागितला तर बहुतेक ठिकाणी जाड खाचांचा, जीपला शोभेसा टायर पुढे केला जातो. त्याच्या बाजूवर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरे उत्पादक स्वतःच्या म्हणण्यावर छापतो. त्यामागे बर्फावरची सक्तीची चाचणी नसते. ठरलेल्या चाचणीला उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. जर्मनीने आता पहिली अक्षरे बाद ठरवून केवळ ही दुसरी खूण मान्य केली आहे. ग्राहकाने नेमके काय पाहावे, हे आपल्या दुकानांतल्या किती विक्रेत्यांना सांगता येईल?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. पुण्याहून हिवाळी टायर लावून निघणे शहाणपणाचे नाही. मऊ रबर दख्खनच्या तापलेल्या रस्त्यावर भराभर झिजते आणि तिथे त्याचे ब्रेकही उन्हाळी टायरपेक्षा कमी लागतात. म्हणून मागणी अशी, की कुलू, शिमला, डेहराडून, श्रीनगर अशा ठिकाणच्या अधिकृत विक्रेत्यांकडे खपणाऱ्या मापांतली हिवाळी चाके मोसमात भाड्याने मिळावीत. जाताना लावावीत, परतताना काढावीत. २०२२ च्या अधिसूचनेने भारतात टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज असे तीन निकष आले. युरोपात मे २०२१ पासून टायरच्या लेबलावर बर्फावरच्या पकडीचे चित्रही असते. कायद्याची वाट न पाहता भारतीय उत्पादकांना ते इथल्या लेबलावर आजच छापता येईल. नक्षीच्या खोलीबद्दलही ग्राहकाशी बोलावे. टायर गोटा झाल्याची खूण १.६ मिलिमीटरवर असते आणि मैदानात तेवढ्यावर भागते; हिवाळ्यासाठी जर्मनीतल्या मोटारचालकांची संघटना किमान ४ मिलिमीटरची शिफारस करते.

टायर नाही म्हटल्यावर राहते साखळी, आणि तिसरी तक्रार तिथे आहे. गुलमर्गच्या रस्त्यावर बर्फ पडला की तंगमर्गला गाड्या अडवतात आणि साखळी असलेल्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांनाच वर सोडतात. मनालीत रस्त्याकडेला साखळ्या भाड्याने मिळतात. कोणत्या मापाच्या, कोणत्या चाकाला, किती कड्यांच्या, हे सगळे भाड्याने देणाऱ्या पोऱ्याच्या अंदाजावर चालते.

साखळी नेहमी ताकदीच्या चाकांना लावायची, म्हणजे बहुतेक साध्या गाड्यांत पुढच्या. ती आधी जमिनीवर पसरून तिचे गुंते सोडवावे लागतात. मग चाकाच्या मागून हात घालून आतल्या बाजूचा आकडा चाचपडत अडकवायचा, साखळी टायरच्या माथ्यावरून पुढे ओढायची आणि बाहेरचा आकडा ताणून बसवायचा. हातमोजे घालून आतला आकडा लागत नाही आणि उघडी बोटे दोन मिनिटांत बधिर होतात. म्हणून हे काम बर्फ सुरू होण्याआधी, सपाट जागी, उजेडात करायचे असते. शे-दोनशे मीटर गेल्यावर उतरून ती पुन्हा ताणावी लागते, कारण पहिल्या काही फेऱ्यांत ती सैल पडतेच. वेग ताशी ५० च्या खाली ठेवायचा आणि डांबर उघडे दिसले की ती काढायची.

इतके करूनही धोका उरतो तो मापाचा. आजच्या गाड्यांना मोठी चाके आणि बारीक कडेचे टायर देण्याची चढाओढ आहे. त्यामुळे टायर आणि आतला शॉक अॅब्सॉर्बर यांच्यात बोटभरही जागा उरत नाही. जाड कड्यांची साखळी तिथे घासते, ब्रेकचा होज किंवा सेन्सरची तार तोडते. हेच मॉडेल युरोपात विकले जाते तेव्हा त्याच्या मॅन्युअलमध्ये कोणत्या मापाच्या टायरवर किती जाडीची साखळी चालेल, हे मिलिमीटरमध्ये दिलेले असते. भारतीय आवृत्तीत ते पान बहुधा गळते. ते परत घालावे आणि योग्य साखळी अॅक्सेसरीजच्या यादीत ठेवावी. सीट कव्हर आणि क्रोमच्या पट्ट्या ज्या यादीत आहेत, त्यात एवढी जागा नक्कीच निघेल.

चौथी बाब इलेक्ट्रॉनिक मदतनिसांची. एबीएस एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत आहे, पण बर्फावर ते काय करते हे मालकाला माहीत नसते. निसरड्यावर जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते. घाबरून चालक पाय काढतो, नेमके तेव्हा तो काढायचा नसतो. एबीएस चाके अडकू देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते, हा त्याचा उपयोग. भुसभुशीत खोल बर्फात मात्र थांबण्याचे अंतर त्याच्यामुळे वाढू शकते, कारण अडकलेल्या चाकापुढे बर्फाचा जो ढीग जमून गाडी अडली असती, तो जमतच नाही. ट्रॅक्शन कंट्रोलचेही तसेच. रस्त्यावर ते हवेच, पण बर्फात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढताना ते इंजिनाची ताकद कापते आणि गाडी जागची हलत नाही. त्यावेळी ते बंद करायचे असते. त्याचे बटन जवळपास प्रत्येक गाडीत आहे. ते कशासाठी आहे हे सांगणारा माणूस नाही. विजेच्या गाडीत पाय उचलताच लागणारा रीजनरेटिव्ह ब्रेक निसरड्या उतारावर चाके सरकवू शकतो, तेव्हा तो सर्वांत कमी पायरीवर ठेवावा, हेही चाकणहून बाहेर पडणाऱ्या नव्या गाड्यांबरोबर लिहून यायला हवे.

गाडी ताब्यात देताना अर्धा तास मोबाइल जोडून देण्यात जातो. त्यातली पाच मिनिटे बर्फातल्या चालवण्याला मिळाली तर काय सांगावे, तेही सांगता येते. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत निघावे, म्हणजे चाके जागीच फिरत नाहीत. चढ सुरू होण्याआधीच गिअर ठरवावा आणि मध्ये थांबू नये. पुढची गाडी वर पोचेपर्यंत खालीच थांबावे. उतारावर आधीपासून खालचा गिअर ठेवावा, पण गिअर खाली टाकून क्लच झटकन सोडला तर त्यानेही पुढची चाके सरकतात. ब्रेक, वळण आणि वेग वाढवणे या तिन्ही गोष्टी एका वेळी करू नयेत, कारण पकड एकच आहे आणि ती तिघांत वाटली जाते. वळणावर गाडी सरळच जाऊ लागली तर स्टिअरिंग आणखी फिरवण्याने काही होत नाही. एक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग किंचित सरळ केले की पुढची चाके पुन्हा पकड घेतात. मागची बाजू सरकली तर ब्रेक न लावता, जिकडे जायचे तिकडे नजर आणि स्टिअरिंग. पूल, बोगद्यांची तोंडे आणि दिवसभर ऊन न पोचणारी वळणे सकाळ-संध्याकाळ गोठलेली असतात. तिथला थर इतका पातळ असतो की खालचे डांबर दिसते आणि रस्ता फक्त ओला वाटतो. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये परवान्याआधी निसरड्या धावपट्टीवर हे सारे शिकावे लागते. भारतात धावपट्ट्या उत्पादकांकडे आहेत. वर्षातले काही दिवस त्यांचा ओला, निसरडा भाग ग्राहकांसाठी उघडता येईल.

पाचवी तक्रार सर्व्हिसची, आणि ती थोडक्यात. रेडिएटरच्या टाकीत साधे पाणी भरण्याची सवय मैदानात खपून जाते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक किंवा रेडिएटर तडकवते. निम्मे ग्लायकोल आणि निम्मे पाणी असेल तर ते उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीतले पाणीही गोठते. बॅटरी जुनी असेल तर थंडीत ती पहिल्याच सकाळी मान टाकते. मैदानात भरलेल्या डिझेलमधले मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबवते. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे डिझेल आणले. बाहेरच्या माणसाने डोंगरात पोचल्यावर टाकी तिथल्या पंपावर भरून घ्यावी, हे सर्व्हिस सेंटरने सांगायला हवे. टायरची हवा थंडीत कमी होते आणि उंचीवर गेजला जास्त दिसते, तेव्हा ती तिथेच, सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावी. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि वायपर उचलून ठेवावेत. ‘मनालीला निघालोय’ असे सांगणाऱ्या ग्राहकासाठी या तपासणीचा एक ठरलेला कागद असणे अवघड नाही.

शेवटची मागणी सर्वांत तातडीची आहे. ७ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानात मरीच्या रस्त्यावर गाड्या बर्फात अडकल्या आणि किमान २२ माणसे गाड्यांतच दगावली. थंडी आणि कार्बन मोनॉक्साइड ही कारणे तेव्हा पुढे आली. मरी २,३०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे मनालीहून थोडीच उंच, आणि मेलेली माणसे तुमच्या-आमच्यासारखीच सुट्टीला निघालेली कुटुंबे होती. बर्फ सायलेन्सरच्या तोंडापर्यंत चढला की धूर गाडीखाली कोंडतो आणि आत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. हीटर सुरू असतो, गुंगी येते, झोप लागते. म्हणून अडकलेल्या गाडीत इंजिन सतत चालू ठेवायचे नसते. दर तासाला दहाएक मिनिटे, तेही उतरून सायलेन्सरमागचा बर्फ हाताने किंवा फावड्याने बाजूला केल्यावर आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटे खाली करून. घोंगड्या, पाणी, खाणे, टॉर्च आणि छोटे फावडे डिकीत असावे. गाडी सोडून अंधारात चालत निघू नये.

बर्फात अडकल्यावर काय करावे, हा मजकूर पाऊण पानाचा आहे. तो प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि ग्राहकाच्या भाषेत छापावा. विकल्या गेलेल्या गाड्यांच्या मालकांना तो येत्या नोव्हेंबरच्या आत मोबाइलवर पाठवावा. सर्व्हिसची आठवण करून देणारे संदेश ज्या नंबरांवर वेळेवर पोचतात, त्याच नंबरांवर तो पोचेल.

कळावे.

आपला विश्वासू,
पुण्याचा एक गाडीमालक